शिंतोडे

इथल्या खारींच्या पाठीवर पट्टे नसतात.
माझ्या पाठीवर मात्र एक होता नोव्हेंबरभर,
कमरेपासून मानेपर्यंत,
कालव्याकाठच्या चिखलानं ओढलेला.
लॅबमध्ये कोट चढवताना ब्रॉन्वेन म्हणायची,
"सायकलनंच आलीस ना?"
आणि मी उत्तर द्यायच्या आत टिश्यूचा डबा सरकवायची.

शेवटी एका शनिवारी
लँकेस्टरच्या चढावरलं नॉर्मन हॅल्सलचं दुकान.
त्यानं आधी टायर मोजलं,
शिंप्यानं छाती मोजावी तसं, पेन्सिल कानावर.
"टायर पस्तीसचं. मडगार्ड पंचेचाळीसचं घे,
घट्ट नको, ओली पानं अडकतात."
वाढत्या अंगाचं घे, असं आई म्हणायची
शाळेचा फ्रॉक बेतताना.

लाकडाचं होतं एक, वाफेवर वाकवलेलं,
देव्हाऱ्यात ठेवावं इतकं सुंदर;
किंमत ऐकली आणि जिथलं तिथं ठेवलं.
ॲल्युमिनियमचं झगझगीत,
पण खडा लागला की म्हणे ताटात चमचा पडतो,
आणि माझ्या वाटेवर खडेच खडे.
क्लिपवालं पाच मिनिटांत बसतं
आणि तिसऱ्या दिवशी मान टाकतं.
उरलं काळं प्लास्टिक,
छत्रीसारखं, कुणाच्या नजरेत न भरणारं.

पण पंचाईत निराळीच:
माझ्या सायकलचे कान टोचलेले नव्हते.
दांड्या अडकवायला चाकापाशी जी भोकं लागतात
ती करणाऱ्यानं केलीच नव्हती.
नॉर्मन गुडघ्यावर बसला,
रबर लावलेल्या चार कड्या फ्रेमला आवळल्या,
आणि मला हसू आलं.
सोनारानंच कान टोचावेत, हे त्याला सांगणार कसं?

इचलकरंजीत अण्णांच्या सायकलला मडगार्ड
आडनावासारखं आलेलं, निवडायची सोयच नव्हती.
लोखंडी, जड, शेपटाला पांढरा रंग.
पावसात ते भिजायचे गुडघ्यापर्यंत,
पण धोतर कोरं.
घासून पुसून ठेवायचे ते मडगार्ड आधी, चेन नंतर.
का, ते कधी विचारलं नाही.

रविवारी आम्ही नऊजण लून नदीच्या काठानं जातो,
बहुतेक निवृत्त, मीच काय ती नोकरीवाली.
नियम एकच, कुठं लिहिलेला नाही:
ज्याला मडगार्ड नाही त्यानं शेवटी राहायचं.
पाच रविवार मी शेवटच्या पंगतीला,
समोर आठ कोरड्या पाठी,
गप्पा पुढे, हशा पुढे,
माझ्यापर्यंत यायचा तो नुसता वारा.
कुणी काही बोललं नाही.
तेच जास्त बोचलं.

नॉर्मननं पैसे घेतले आणि म्हणाला,
"पुढचं तुझ्या बुटांसाठी.
मागचं तुझ्या पाठीसाठी, असं लोक समजतात.
पण बघ, ते अजून थोडं आखूड पडतंय.
दुधाचा कॅन आहे घरी?"

शिंतोडे उडवणं म्हणजे आमच्याकडे
माणसाचं नाव खराब करणं.
त्याला हे समजावता समजावता
माझं इंग्रजी संपलं आणि त्याचा चहाही.
"म्हणजे तोच प्रकार की," एवढंच तो म्हणाला.

रात्री सिंकपाशी कात्री घेऊन बसले.
कॅनचा तुकडा कापला, दोन भोकं पाडली,
मडगार्डच्या टोकाला लोंबता बांधला,
जमिनीपासून चार बोटं वर.
धुतला होता, तरी साईचा वास यायचा.

आज पाऊस तिरका, नदी तांबूस.
मी तिसऱ्या नंबरवर. माझ्या मागे
एकाहत्तर वर्षांची एडिथ क्रॉशॉ,
चाकाला चाक लागेल इतकी जवळ.
चष्म्यावर तिच्या फक्त वरून पडलेलं पाणी.
दोन मैल ती काहीच बोलली नाही,
मग पुलाखाली आवाज घुमला:

"ए, तुझं दूध चार तारखेलाच नासलंय!"